बाराच्या ताटाचं काय करायचं?

पत्र

माझं वय 47. आम्ही नागपुरात मानेवाड्याला राहतो. मिस्टर बुटीबोरीला एका कंपनीत आहेत. त्यांची बहुतेक सेकंड शिफ्ट असते, महिन्यातून एक आठवडा नाईट. सेकंड शिफ्टला ते दुपारी दीडला निघतात अन् कंपनीची बस रात्री पावणेबाराला चौकात सोडते. दुपारी साडेबाराला त्यांना गरम वाढून देते. ते गेले की भांडी, ओटा, मशीनचे कपडे, मग अडीच-तीनला मी जेवते. रात्री आठला सासूबाईंना आणि मुलीला वाढते. बाराला आम्ही दोघं जेवतो. लग्न झाल्यापासून हे असंच आहे. एकला झोपते, मुलीच्या डब्यासाठी साडेपाचला उठते.

मागच्या महिन्यात रक्त तपासलं. उपाशीपोटी साखर 112 आणि एचबीएवनसी 6.1 आलं. डॉक्टर म्हणाले, गोळी नको, खाणं सांभाळा. मी गोड सोडलं, भात कमी केला. आता मुलगी म्हणून राहिली, ‘आई, तू आठलाच जेवत जा.’ सासूबाई म्हणतात, ‘आम्ही मिलच्या भोंग्यावर जेवलो, आम्हाला काय झालं?’ (त्यांना शुगरची गोळी सुरू आहे.) भिशीतली मैत्रीण रोज 16 तास उपाशी राहते, तिचं वजन उतरलं. मला समजत नाही, पोळी तीच, भाजी तीच. आठला खाल्ली काय अन् बाराला खाल्ली काय, फरक काहून पडावा? आणि त्यांना एकट्याला वाढून आपण लोळायचं, हे मनाला पटत नाही.

उत्तर

ताई,

फरक पडतो. तुमची मुलगी बरोबर सांगते आहे. पण तिने एवढं सांगून तुमचा प्रश्न सुटत नाही, कारण तुमची अडचण पोळीची कमी आणि ताटाची जास्त आहे. आधी पोळीचं बघू.

रिपोर्टवरचे दोन्ही आकडे मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे आहेत, आत गेलेले नाहीत. एचबीएवनसी (रक्तातल्या तांबड्या पेशींना चिकटलेल्या साखरेवरून कळणारी दोन-तीन महिन्यांची सरासरी) 5.7 ते 6.4 आणि उपाशीपोटी साखर 100 ते 125 असली की तिला मधुमेहपूर्व अवस्था म्हणतात. 2023 साली आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशभरच्या पाहणीचे आकडे आले, त्यात या अवस्थेतले लोक 13.6 कोटी निघाले. इथून माघारी फिरता येतं. तुमच्या डॉक्टरांनी गोळी टाळली ती म्हणूनच.

आता तुमचं ‘काहून’. मेंदूत, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, सुमारे 20,000 पेशींचा एक पुंजका असतो. हे शरीराचं मुख्य घड्याळ, आणि ते उजेडावर चालतं. पण यकृत, स्वादुपिंड, आतडी, इतकंच काय पोटावरची चरबी, या सगळ्यांची आपापली घड्याळं असतात आणि ती उजेडापेक्षा जेवणाकडे बघून वेळ लावतात. पेशीच्या आत हे घड्याळ कसं चालतं ते फळमाश्यांवर शोधून काढणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना 2017 चं नोबेल मिळालं. इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठात त्याच वर्षी एक छोटा पण नेमका प्रयोग प्रसिद्ध झाला. दहा तरुणांची तिन्ही जेवणं पाच-पाच तास पुढे ढकलली. झोप तीच, उजेड तोच, अन्न तेच. सहा दिवसांनी तपासलं तर मेंदूचं घड्याळ जागच्या जागी होतं, पण रक्तातल्या साखरेचा रोजचा चढउतार पावणेसहा तासांच्या आसपास पुढे सरकला होता. म्हणजे एकाच माणसाच्या अंगात दोन वेगवेगळ्या वेळा चालू झाल्या.

तुमच्या घरी बारा वाजता हेच होतं. अंधार पडून बराच वेळ झालेला, मेलाटोनिन नावाचं झोपेचं संप्रेरक रक्तात चढलेलं. स्वादुपिंडात इन्शुलिन (रक्तातली साखर पेशींत पोचवणारं संप्रेरक) बनवणाऱ्या पेशींवर मेलाटोनिनचा निरोप घेणारे रिसेप्टर असतात, आणि मेलाटोनिन चढलं की इन्शुलिन हात आखडून सुटतं. सीताबर्डीतल्या भोजनालयात रात्री शटर अर्धं खाली आल्यावर चौघं जेवायला गेलात तर कोणी हाकलून देत नाही, पण एकच पोऱ्या असतो, गॅस बंद झालेला असतो आणि सगळ्याला वेळ लागतो. स्वादुपिंडाचं तसंच. त्यात स्नायूंच्या पेशी सकाळी इन्शुलिनचं जितकं ऐकतात तितकं रात्री ऐकत नाहीत. पोटातून अन्न पुढे सरकण्याचा वेगही मंदावलेला असतो. त्याच दोन पोळ्यांनी साखर जास्त चढते आणि जास्त वेळ वर राहते. मग तासाभरात तुम्ही आडव्या होता, म्हणजे चालता-फिरता जी साखर स्नायूंनी ओढून घेतली असती तीही रक्तातच.

हे माझ्या शब्दावर मानू नका, घरीच बघा. मेडिकलमधून ग्लुकोमीटर आणा. एक दिवस नेहमीसारखं बाराला जेवा: दोन पोळ्या, वाटीभर भाजी, वरण, थोडा भात. पहिल्या घासापासून दोन तासांनी बोट टोचा. त्या एका रात्री जागरण होईल, त्याला इलाज नाही. दोन दिवसांनी अगदी तेच ताट संध्याकाळी साडेसातला घ्या आणि दोन तासांनी मोजा. मधुमेह नसलेल्या माणसाची ही साखर साधारण 140 च्या आत असते. दोन्ही आकडे कॅलेंडरवर लिहून ठेवा, पुढे कामी येतील. कोणाच्या, ते सांगते.

सासूबाईंचं म्हणणं मोडीत काढू नका. त्या मिलच्या भोंग्यावर जेवल्या खऱ्या, पण पाणी भरणं, निवडणं-कुटणं, धुणं बडवणं, सगळं अंगाने. टीव्हीसमोर बसून चार तास वाट बघणं त्यांच्या वाट्याला नव्हतं. शिवाय त्या काळी उंबरठ्यावरची साखर कोणी मोजत नव्हतं, त्यामुळे ‘काय झालं’ ते कळायलाही मार्ग नव्हता. त्यांना आज गोळी लागते ती भोंग्यामुळे, असं मी म्हणणार नाही. वय, घराणं, वजन, सगळंच त्यात असतं. पण ‘काही झालं नाही’ हेही खरं नाही, आणि ते तुम्ही कंसात लिहिलंच आहे.

भिशीच्या मैत्रिणीचा विषय जरा लांबवते, कारण दर आठवड्याला कोणीतरी मला हेच विचारतं. 16 तास उपास आणि आठ तासांत खाणं यात जादू नाही. अमेरिकेत 116 जणांवर बारा आठवडे चाचणी झाली, त्यात दुपारी बारा ते रात्री आठ एवढ्यातच खाणाऱ्यांचं वजन आणि तीन वेळा जेवणाऱ्यांचं वजन यांत सांगण्याजोगा फरक निघाला नाही. चीनमध्ये 139 जणांना वर्षभर मोजून कमी कॅलरी दिल्या. त्यातल्या निम्म्यांनी त्या सकाळी आठ ते दुपारी चार यातच खायच्या होत्या. दोन्ही गट जवळपास सारखेच उतरले. मैत्रिणीचं वजन उतरलं असेल तर एकूण खाणं कमी झालं म्हणून. तिचं कौतुक आहे, पण घड्याळाचं श्रेय घड्याळाला आणि पोटाचं पोटाला.

मात्र याच विषयावरचा आणखी एक प्रयोग तुमच्या कामाचा आहे. 2018 साली मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या आठ पुरुषांना पाच आठवडे सकाळपासून सहा तासांत जेवायला दिलं, शेवटचं जेवण दुपारी तीनच्या आत. वजन घटू दिलं नाही, तरी शरीर इन्शुलिनचं जास्त ऐकू लागलं आणि रक्तदाब उतरला. माणसं आठच, म्हणून त्यावर गड बांधायचा नाही. आणि दुपारी तीननंतर न जेवणारा संसारी माणूस नागपुरात मला तरी माहीत नाही. इतवारीतली सूर्यास्ताआधी जेवणारी जैन कुटुंबंसुद्धा संध्याकाळी पाटावर बसतात. पण दिशा कळते: खाण्याचा भार दिवसाच्या पहिल्या अर्ध्यात हवा. मैत्रिणीचं ऐकून तुम्ही सकाळचा नाश्ता सोडलात आणि बाराचं ताट तसंच ठेवलंत, तर उपास कराल 16 तासांचा आणि जेवाल शटर खाली आल्यावर. सगळ्यात वाईट वेळापत्रक ते. तसं करू नका.

एक नागपूरची गोष्ट मध्येच सांगून घेते. मुंबईपेक्षा आपल्याकडे सूर्य साधारण 25 मिनिटं आधी उगवतो आणि आधीच मावळतो, घड्याळं मात्र दोन्हीकडे एकच. डिसेंबरात आपल्याकडे साडेपाचच्या सुमारास दिवे लावावे लागतात. मुंबईच्या मालिका बघून नऊला जेवणाऱ्यांनी आपल्या अंगाला ते साडेनऊच्या जवळपास वाटतं हे ध्यानात ठेवावं.

आता मला तुमच्या पत्रात जास्त खटकलं ते. भात नाही, झोप. एक ते साडेपाच, म्हणजे साडेचार तास. शिकागोत 1999 साली 11 धडधाकट तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास अंथरुणात राहू दिलं, तेवढ्यानं त्यांच्या शरीराची साखर सांभाळायची ताकद ढासळली. ती पोरं होती, सहा रात्री होत्या. तुमची वर्षं झाली. गोड सोडून, भात कमी करून तुम्ही जे कमावलं ते या झोपेत जातं आहे. त्यामुळे जेवणाची वेळ बदलताना झोपेची वेळ बदलली नाही, तर अर्धंच काम होईल.

आणि इथे आपण ताटाकडे येतो. एक ओळ तुम्ही सहज लिहून गेलात: ‘साडेबाराला त्यांना गरम वाढून देते.’ म्हणजे दुपारी साडेबाराला ते घरी आहेत, जेवायला बसले आहेत, अन्न ताजं आहे, उजेड आहे, आणि तुम्ही ओट्याशी उभ्या राहून पोळ्या टाकता. एकत्र जेवायची वेळ रोज दुपारी घरात हजर असते आणि तुम्ही दोघं ती सोडून मध्यरात्रीची धरून बसला आहात!

साडेबाराला दोन ताटं वाढा. पोळ्या बाराला करून डब्यात ठेवा. एखादी गार झाली तर आभाळ कोसळत नाही. हेच दिवसाचं मोठं जेवण होऊ द्या: पोळी, भाजी, घट्ट वरण किंवा उसळ, कोशिंबीर, आणि तुम्हाला भात आवडत असेल तर तोही इथेच, वाटीभर, चोरून न खाता. भांडी, ओटा, मशीन दीडनंतर. या कामांना अडीच तास उशीर झाला तर काही बिघडत नाही, तुमच्या जेवणाला रोज होतो आहे. स्पेनमध्ये वजन उतरवायला आलेल्या 420 लोकांचं निरीक्षण झालं होतं. दुपारचं जेवण तीननंतर घेणाऱ्यांचं वजन कमी उतरलं, एकूण खाणं जवळपास सारखं असूनही. तुमचं अडीच-तीनचं जेवण त्याच काठावर आहे.

रात्री सासूबाईंना आणि मुलीला आठला वाढता, ते साडेसातला ओढा आणि तिसरं ताट तुमचं घ्या. हलकं. ज्वारीची भाकर-झुणका, नाहीतर मुगाची खिचडी आणि ताक. जेवण झाल्यावर लगेच बसू नका, कॉलनीत पंधरा मिनिटं चक्कर मारा. रात्रीच्या जेवणानंतरच्या या चकरेचा साखरेवरचा परिणाम भरवशाचा आहे, आणि पैसा लागत नाही. मे महिन्यात साडेसातला भूक नसते, स्वयंपाकघर तापलेलं असतं, हे मलाही माहीत आहे. 45 अंशांच्या दिवसांत सकाळी सहालाच भाजी-वरण उरकून ठेवा आणि संध्याकाळी गॅसजवळ दहाच मिनिटं उभ्या राहा. कूलरसमोर बसून जेवलं तर चालतं. पन्ह्याचा ग्लास मात्र साखरेचा हिशेब धरूनच.

साडेसात ते बारा या वेळात काय होतं ते तुम्ही लिहिलं नाही, पण मी सांगू शकते. सासूबाईंच्या ताटातली अर्धी पोळी, डब्यातला मूठभर चिवडा, दहाला चहा आणि सोबत दोन टोस्ट, कारण ‘जेवण तर अजून व्हायचंच आहे.’ जेवून घेतलंत की हे आपोआप बंद पडेल असं नाही. पहिला आठवडा हात डब्याकडे जाईल. चिवड्याचा डबा मुलीच्या खोलीत ठेवा, ती राखण करील.

मिस्टरांचंही बघायला हवं, कारण बाराचं ताट त्यांच्याही अंगावर तसंच बसतं. कंपनीत संध्याकाळच्या सुट्टीत ते बहुतेक चहा आणि आलूबोंडा खात असतील, आणि खरी भूक घरापर्यंत ओढत आणत असतील. ते उलटं करा. दुपारी निघताना डबा द्या, सुट्टीत तो खाऊ दे. मग बाराला त्यांना ताट लागणार नाही. वाटीभर गरम मुगाचं वरण, नाहीतर ताक आणि मूठभर फुटाणे, एवढ्यावर भागतं.

तुम्ही त्या वेळी जागं राहायचं का? माझं मत विचाराल तर नाही. झाकून ठेवलेलं वरण गरम करून घेणं बुटीबोरीत अख्खी शिफ्ट काढणाऱ्या माणसाला जड नाही. पण एका दिवसात हे जमणार नाही आणि जमवूही नका. पहिले काही दिवस त्यांच्याजवळ पाण्याचा ग्लास घेऊन बसा, ताट घेऊ नका. गप्पा मारा, बातम्या ऐका आणि साडेबाराला दिवा बंद. मग हळूहळू अकराला झोपायला लागा. मुलीचा डबाही तुम्हाला रोज साडेपाचला उठवतो. ज्या मुलीला आईच्या जेवणाची वेळ कळते तिला आठवड्यातून तीन दिवस स्वतःचा डबा भरता येतो. हे तिला माझ्या नावाने सांगा, म्हणजे भांडण माझ्याशी होईल.

आणि त्यांना सांगायचं कसं? ‘मी आजपासून आधी जेवते’ असं दारात सांगू नका. थकून आलेल्या माणसाला ते टोचतं. रविवारी निवांत बसले असताना रिपोर्ट हातात द्या, कॅलेंडरवरचे ते दोन आकडे दाखवा. कारखान्यातला माणूस आहे, आकड्याची भाषा त्याला आपल्यापेक्षा चटकन कळते. शिवाय दुपारी सोबत जेवायचं आहे हे आधी सांगा, रात्रीचं नंतर.

त्यांची नाईट असते त्या आठवड्यात तुमची वाट बघायची भानगडच नाही, म्हणून सुरुवात त्याच आठवड्यात करा. त्यांनी मात्र नाईटला एक जपावं: निघण्याआधी साडेसातला सगळ्यांसोबत जेवून घ्यावं आणि मध्यरात्री ते पहाटे पाच या वेळात पूर्ण जेवण टाळावं. बोस्टनमध्ये 19 जणांना प्रयोगशाळेत नाईट शिफ्टसारखं ठेवलं होतं. रात्रीही जेवलेल्यांची साखर सरासरी 6.4 टक्के वाढली. रात्री जागे राहूनही फक्त दिवसा जेवलेल्यांची तशी वाढली नाही. हे 2021 चं काम. कँटीनमध्ये पहाटे तीनला मिळणारी गरम भजी सोडणं सोपं नसतं, तेवढी गोष्ट मी मान्य करते. पहाटे चारचा चहाही सोडावा, तो सकाळची झोप खातो.

लग्नसराईत लॉनवर साडेदहाला पंगत बसते, रविवारी सावजीकडे जाणं होतं, तेव्हा घड्याळ काढून बसू नका. ही घड्याळं सवयीवर लागतात, एका रात्रीवर नाही. त्या दिवशी दुपारी थोडं हात राखून जेवा आणि दुसऱ्या दिवशी परत साडेसात.

सासूबाईंच्या बाबतीत एकच सावधगिरी. त्यांची गोळी ग्लिमेपिराइडसारखी असेल तर ती जेवणाशी बांधलेली असते. गोळी घेतली आणि जेवण लांबलं किंवा चुकलं की साखर धोकादायक खाली जाते, हातपाय थरथरतात, घाम फुटतो. त्यांचं जेवण आठवरून साडेसातवर आणताना, आणि विशेषतः त्या एकादशी-चतुर्थी धरत असतील तर, गोळीची वेळ डॉक्टरांना विचारूनच बदला. तुमच्या मिस्टरांनाही कुठली गोळी सुरू असेल तर नाईटचा सल्ला त्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय लागू नाही.

एचबीएवनसी लगेच तपासू नका. तांबड्या पेशींचं आयुष्य सुमारे 120 दिवसांचं असतं, त्यामुळे पंधरा दिवसांत आकडा हलला नाही म्हणून हिरमोड होईल. तीन महिन्यांनी, त्याच लॅबमध्ये तपासा. आदल्या रात्री बाराला जेवून सकाळी सातला ‘उपाशीपोटी’ रक्त दिलंत तर सात तासच होतात. ती तपासणी किमान आठ तासांनंतरची लागते. मागच्या महिन्यात रक्त कसं दिलं होतं तेही आठवून बघा, कारण तो 112 चा आकडा तसा आला असेल तर पुन्हा तपासून घ्यायला हवा.